बाटलीवर एकराचा डोस आहे, बियाण्याचा नाही

मा. कृषिमंत्री, गोवा राज्य, यांस

सप्रेम नमस्कार.

मी पेडणे तालुक्यातला, खाजनात (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या खाऱ्या जमिनीत) भात करणारा शेतकरी. गेल्या मिरगाआधी समुद्री शेवाळाच्या अर्काची बाटली विकत आणली. दुकानदार म्हणाला, "यात बी भिजवा, मोड कसा जोरात येतो बघा." बाटलीवर फवारणीचं प्रमाण एकराच्या हिशेबात छापलेलं, बियाण्याबद्दल चकार शब्द नाही. मी आपला अंदाजाने ओतला. पाणी कोऱ्या चहासारखं काळपट झालं, त्यात रात्रभर कोरगुट या देशी भाताचं बी भिजवलं. तिसऱ्या दिवशी गोणपाट सोडलं तर आंबूस वास आणि निम्म्याला मोडच नाही. शेजारच्या गोणपाटात साध्या पाण्यात भिजवलेलं बी मात्र पांढरी टोकं काढून बसलेलं!

चूक माझी, ती मी कबूल करतो. पण मला प्रमाण सांगणार कोण होतं?

शेवाळ खाऱ्या पाण्यातलं, म्हणून अर्कातही क्षार असतात. भरपूर पातळ केला तर त्यातली सायटोकायनिन, ऑक्झिनसारखी संजीवकं कोंबाला जोर देतात. दाट राहिला तर बी पुरेसं पाणी ओढून घेत नाही. पोल, म्हणजे पोकळ बी, वेगळं काढायला आपण 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ घालतो, पण लगेच बी गोड्या पाण्याने धुतो, ते काय उगाच?

तरीही हा उपाय मला सोडायचा नाही. खाजनात पहिले पंधरा दिवस फार जोखमीचे. जूनमध्ये पावसाने दडी मारली किंवा मानशीचं (खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधातल्या झडपेचं) दार गळलं, की मीठ वर येतं आणि कोवळं रोप करपतं. त्या दिवसांत मूळ चार बोटं लांब असलं तर रोप तगतं. योग्य प्रमाणात अर्क दिलेलं बी क्षारातही बरं उगवल्याचे प्रयोग झालेत. ते खाजनात कितपत उतरतं, हे शेतातच बघायला हवं.

2021 पासून असे अर्क 1985 च्या खत नियंत्रण आदेशाखाली आलेत, म्हणजे लेबल तपासायचा अधिकार आपल्या खात्याकडे आहे. एला येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची संस्था आहे, खारं सोसणारे 'गोवा धान' वाण तिथलेच. दोनापावलला 1966 मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्था. दोन्ही तिसवाडी तालुक्यातच, त्यांना एका टेबलावर बसवायला फार खर्च येऊ नये.

या मिरगाला कोरगुट, ज्योती आणि गोवा धान यांचं बी तीन तऱ्हांनी पेरून बघा: अर्कात भिजवलेलं, साध्या पाण्यात भिजवलेलं आणि कोरडं. साधं पाणी वगळू नका. नुसत्या भिजवण्यानेही मोड लवकर येतो, ते श्रेय बाटलीला जायला नको. मग किती पाण्याला किती अर्क आणि किती तास, एवढं मराठी-कोकणीत छापून विभागीय कृषी कार्यालयांत लावा. आणि हो, अर्कासाठी हणजूणच्या खडकांवरचं शेवाळ खरवडायची परवानगी मात्र कुणाला देऊ नका, मासळीची पिल्लं तिथेच वाढतात.

प्रयोगाला माझा एक वाफा देतो. बी माझं, मोजायला माणूस तुमचा.

आपला,
खाजनातला एक शेतकरी, पेडणे