विगानची खिडकी

चि. सई, अनेक आशीर्वाद.

मनिलाहून उत्तर फिलिपिन्समधल्या विगानला जायचं पक्कं झालंय ना, मग रात्रीची बस घे. अंतर साधारण 400 किलोमीटर, म्हणजे 8 ते 10 तास. तिथल्या बसमध्ये एसी हाडं गोठेपर्यंत लावतात, शाल हाताशी ठेव. उजाडायच्या सुमारास पोचलीस की थेट क्रिसोलोगो रस्त्यावर जा. तिथे मोटारींना बंदी आहे, नुसते टांगे चालतात (ते त्याला कालेसा म्हणतात). पण दुकानांची दारं उघडली की बाहेर टांगलेल्या मालाआड भिंती दिसेनाशा होतात. पाहायचं ते दोन तासांत पाहून घे.

एखाद्या घरासमोर उभी राहा आणि खालून वर बघत जा. तळमजल्याच्या भिंती जाड विटांच्या. मोठा दरवाजा घोडागाडी आत यावी म्हणून. खाली कोठारं आणि माल, माणसांचं राहणं वर. ही घरं बहुतेक 18व्या शतकाच्या मध्यापासून 19व्या शतकाच्या अखेरीपर्यंतची, आणि पुष्कळशी चिनी-फिलिपिनो व्यापाऱ्यांची. हुआन दे साल्सेदोने 1572 मध्ये वसवलेल्या या स्पॅनिश गावात रस्ते बुद्धिबळाच्या पटासारखे काटकोनात आहेत, पण उतरत्या छपरांत चिनी वळण दिसतं. 1999 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून निवडलं ते याच मिश्रणासाठी.

आता वरची खिडकी. तिथे काचेऐवजी कापीस या पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्याचे चौकोनी तुकडे लाकडी जाळीत बसवलेले असतात. गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांत हाच शिंपला आहे, अगदी त्याच जातीचा. चिखलीच्या खाडीत तो आजही सापडतो. गोव्यात खिडकी बहुधा बिजागरीवर उघडते, विगानमध्ये खाचेतून बाजूला सरकते, त्यामुळे जवळजवळ अख्खी भिंतच मोकळी होते. उंबरठ्याच्या पातळीला, मोठ्या खिडकीखाली, कठड्याची छोटी खिडकी असते. ऊन किंवा पाऊस असला की वरचं सगळं बंद करून फक्त ती उघडायची. वारा जमिनीलगत येत राहतो. उकाड्याच्या प्रदेशात याहून शहाणी खिडकी मला माहीत नाही. तुकडा फुटला की आता कधीकधी प्लॅस्टिक बसवतात. ओळखायचं कसं? शिंपल्यात वाढीच्या बारीक रेषा असतात आणि एकाशेजारचा दुसरा तुकडा हुबेहूब तसा नसतो. प्लॅस्टिकमधून सगळीकडे सारखाच उजेड येतो.

उघड्या विटांच्या भिंतीपाशी सगळे फोटो काढतात, पण ती भिंत मुळात तशी नव्हती. विटेवर चुन्याचा गिलावा होता, तो झडलाय. विटेत शिरलेली ओल चुन्यातून बाहेर पडते. डागडुजीत सिमेंट थापलं की ती आतच कोंडते, क्षार विटेचा पापुद्रा उडवतात आणि सिमेंटचा थर वीट घेऊनच सुटतो. असे डाग तुला सापडतील. लाकडी खांब पाहायचा तर बुंध्याशी पाहा. ओल आणि वाळवी तिथूनच चढते.

साल्सेदो आणि बुर्गोस हे दोन चौक मिळून इंग्रजी एल अक्षर होतं. कॅथेड्रलच्या भिंती बुटक्या आणि जाडजूड, घंटाघर वेगळं उभं: भूकंपात मनोरा पडलाच तर चर्चवर पडू नये. 27 जुलै 2022 च्या 7 तीव्रतेच्या भूकंपाने इथल्या बऱ्याच इमारतींना इजा झाली, शेजारच्या बांताय गावातल्या घंटाघरालाही. तिथे वर चढू देतात का, ते विचारूनच जा. जुन्या तुरुंगाची इमारत आता राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहे; फिलिपिन्सचे माजी राष्ट्राध्यक्ष एल्पिदिओ किरिनो तिथेच जन्मले, कारण वडील तुरुंगाधिकारी होते! सिकिया कुटुंबाचं जुनं घर मात्र वेळ काढून बघ, आतून सामानासकट पाहायला मिळणारी घरं थोडी.

खाण्यात एम्पानादा: तांदळाच्या पिठाची केशरी करंजी, आत किसलेली कच्ची पपई, अंडं आणि लसणीचं डुकराचं सॉसेज. सॉसेज नको असेल तर लाटण्याआधीच सांग. कढईतून काढल्या काढल्या उसाच्या शिरक्यासोबत (व्हिनेगर) खा, गार झाली की पारी चिवट होते.

जुलै ते सप्टेंबर वादळांचे, तेव्हा जाऊ नकोस; नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरं. शेवटी पागबुर्नायानला कुंभारांकडे जा. चिनी कुंभारांनी आणलेली ही कला, बरण्या लांबलचक भट्टीत इतक्या तापवतात की शिरका आणि मासळीचं खारवण वर्षानुवर्षं राहतं. घ्यायचीच तर छोटी घे, आणि टिचकी मारून बघ: खणखणीत वाजली तर ठीक, बद्द वाजली तर तडा आहे. बरणी मांडीवर घेऊनच बस, बसच्या डिकीत टाकू नकोस.

तुझा,
बाबा