काकू, तुम्ही आईच्या खुर्चीत बसून बघितलंत म्हणून

आदरणीय काकू,
सा. न.

तुमचं नाव इथे लिहिलं तर तुम्ही माझ्याशी आठवडाभर बोलणार नाही, म्हणून लिहीत नाही. पण हे चारचौघांत सांगायचंच होतं. समोर आभार मानायला आले की तुम्ही "चल, काहीतरीच" म्हणून विषय चहावर नेता.

आमच्या खिडकीसमोर सध्या काय चाललंय ते आधी ऐका. तुम्ही दिलेल्या कोरल हनीसकलच्या फुलवेलावर एका हमिंगबर्ड मादीने कब्जा केलाय. दुसरा कुणी फिरकला रे फिरकला की ही त्याच्या अंगावर धावून जाते. तीन-साडेतीन ग्रॅमचा जीव, दोन रुपयांच्या नाण्याहून हलका, आणि दादागिरी ही एवढी! आई तिच्यावर जाम खूश आहे. "बाई खमकी आहे" म्हणते. बाबा गेल्यावर इथे न्यू जर्सीला आलेली माझी आई "हो", "नको", "भूक नाही" एवढंच बोलायची, हे तुम्ही पाहिलंय. आता मी ऑफिसातून आले की चपला काढायच्या आत बातम्या सुरू होतात.

वाईला आमच्या परसात जास्वंदीवर शिंजीर यायचे. इथे शिंजीर नाहीत. हमिंगबर्डचं आणि त्यांचं काही नातंही नाही. तो बहुतेकदा देठाला धरून मध पितो, हा हवेत एका जागी थांबून. पण आईला खिडकीतून तेवढं तरी दिसावं असं मला वाटत होतं. त्यासाठी तुमच्याआधी मी ज्यांचे उंबरे झिजवले, त्यांचेही आभार मानायला हवेत, कारण त्यांच्यामुळेच तुमची किंमत कळली.

एका नर्सरीने मला पेटुनिया विकल्या. कुंडीवर हमिंगबर्डचं झकास चित्र. फुलं दुहेरी, भरगच्च. पाकळ्याच पाकळ्या, चोच घालायला वाट नाही आणि मध नावालाच. मग लॉनवाले आले. त्यांच्या साहेबांनी रस्त्यावर उभं राहून, कमरेवर हात ठेवून आमचं अंगण पाहिलं आणि "कर्ब अपील" (रस्त्यावरून घर किती छान दिसतं ते) हा शब्द इतक्यांदा उच्चारला की मला घर विकायचंय असंच त्यांना वाटलं असावं. पक्ष्यांना साखरपाणी पाजायचा लाल पाण्याचा फीडर टांगला, वर फवारणीचं पॅकेज गळ्यात मारलं. "कोळी, मुंग्या, डास, सगळं साफ." सगळंच साफ झालं, पक्षी धरून. विचारलं तर म्हणाले, पक्षी आमच्या हातात नाहीत. आणि आई घरात पाच पावलांवर बसलेली असताना यातल्या एकानेही आत डोकावून पाहिलं नाही.

तुम्ही आलात त्या दिवशी मी तुम्हाला थेट बागेत नेत होते. तुम्ही म्हणालात, "थांब, बघणार कोण आहे?" बूट काढलेत, आईला म्हणालात, "वहिनी, जरा उठता का? मला तुमच्या जागी बसू दे." मग त्या खुर्चीत बसलात. आईची मान उजवीकडे वळत नाही हे तिने सांगितल्यावर तुम्हीही मान तशीच आखडून धरलीत. लांबचा चष्मा कोणता ते विचारलंत. मला झाडूचा दांडा घेऊन बाहेर उभं केलंत आणि काचेआडून हाताने खुणा करत राहिलात: डावीकडे, अजून, मागे, बास. तो दांडा जिथे रोवला तिथेच आज वेलाचा मांडव आहे. रस्त्यावरून तो धड दिसतही नाही.

काकू, बाकी सगळं मी पुस्तकात वाचून केलं असतं, हे मात्र नाही.

खड्डा केवढा आणि खत किती ते इथे लिहीत नाही. पण तुमचा हिशोब सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो फुलांचा नव्हता, पक्ष्याच्या पंचांगाचा होता. एप्रिलच्या शेवटी, मेच्या सुरुवातीला ते दक्षिणेकडून येतात. काही तर मेक्सिकोचं आखात न थांबता ओलांडून. तेव्हा भुकेल्या पाहुण्याला काय वाढायचं? झाडाखालच्या सावलीत रेड कोलंबाइन, आणि पाठोपाठ तुमच्याकडचा दाब कलमाने केलेला कोरल हनीसकल. मग उन्हाळ्यात 'बी बाम'ची फुलं. "पानांवर भुरी येणारच, घाबरू नकोस, रोपांत अंतर ठेव." कार्डिनल फ्लॉवरला पाय ओले लागतात म्हणून तो पन्हाळीचं पाणी पडतं तिथे. आणि मागच्या कुंपणापाशी आपोआप उगवलेलं ज्युएलवीड मी तण म्हणून उपटायला निघाले तर तुम्ही म्हणालात, "अगं, हा तर आपल्या तेरड्याचा भाऊबंद!" शेंगेला बोट लावून बी उडवून दाखवलंत तेव्हा आई कितीतरी दिवसांनी हसली. आता ऑगस्टअखेर ते नारिंगी फुलांनी भरलंय. पक्षी परतीच्या प्रवासासाठी अंगावर चरबी चढवतायत आणि इकडे गौरींची तयारी चाललीय.

फवारणी तुम्ही त्याच दिवशी बंद करायला लावलीत. "साखरपाणी तू देशील गं, एकाला चार पाणी, रंग न घालता. पण पिल्लांना किडेच लागतात, ते कुठून आणशील?" घरट्याला कोळ्याचं जाळं लागतं हेही तेव्हाच कळलं. त्यामुळे आमच्या पडवीच्या कोपऱ्यातली जाळी आता आईच्या संरक्षणाखाली आहेत. मला झाडू लावायची परवानगी नाही. येणारे-जाणारे काय म्हणत असतील ते म्हणोत.

मदत करणारे पुष्कळ भेटतात हो. पण बरेचजण स्वतःला जे येतं तेच घेऊन येतात आणि ते आपल्याला हवंय असं आपल्याच गळी उतरवतात. समोरच्याच्या जागी जाऊन बसणारी माणसं विरळा, आणि अक्षरशः बसणारी तर मी एकच पाहिली.

तुमचं खुरपं माझ्याकडेच राहिलंय, शनिवारी घेऊन येते. गौरीजेवणाला तुम्ही आणि काका दोघांनीही यायचंय. आईने पुरणाची जबाबदारी स्वतःकडे घेतलीय, तेव्हा "डाएट आहे" हे चालणार नाही. आणि येताना तो कार्डिनल फ्लॉवर एकदा बघा. खालची पानं पिवळी पडतायत, पाणी जास्त होतंय की हरणं त्रास देतायत, मला समजत नाहीये.

तुमची,
मागच्या गल्लीतली