तीन महिन्यांची शुगर

मंगळवार पेठ,
कोल्हापूर

प्रिय सुभाष,

परवा फोनवर तू सांगितलंस की उपाशीपोटीची शुगर 108 आली, आता गोळी निम्मी करतो. मी नुसतं ‘बरं’ म्हणालो. पण फोन ठेवल्यापासून जिवाला चैन नाही, म्हणून लिहायला बसलोय.

लेका, दोन वर्षं मी हेच केलं. तपासणी आली की आधी चार दिवस भात बंद, सकाळी रंकाळ्याला फेरी, रात्री अर्धी भाकरी. आकडा 115 च्या आत यायचा. रक्त देऊन बाहेर पडलो की मिसळ-ब्रेड, वर जादा कट, आणि संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर उभा. तो चांगला आकडा मी घरी सगळ्यांना दाखवायचो, आणि मलाही तो खराच वाटायचा.

गेल्या भाद्रपदात नवी चप्पल अंगठ्याला लागली. एवढीशी खरचट, पण महिना झाला तरी सुकेना. सकाळी मोजा काढला की कडेला पिवळट ओल दिसायची, आणि दुखत मात्र काहीच नव्हतं. न दुखण्याचीच डॉक्टरांना जास्त काळजी वाटली. त्यांनी एचबीए1सी करायला लावली, आपण जिला तीन महिन्यांची शुगर म्हणतो ती. उपाशीपोटी 118 आणि एचबीए1सी 9.1! त्यांनी कागदावर 9.1 च्या पुढं पेननं 214 लिहिलं. म्हणाले, तुमची सरासरी ही आहे, 118 ही फक्त आजची सकाळ.

त्यांनी समजावलं ते असं. रक्तातली तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. रक्तात फिरणारी साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटते, आणि एकदा चिकटली की पेशी असेपर्यंत सुटत नाही. लहानपणी गुऱ्हाळावर काकवीत बोटं बुडवायचो, ती नुसतं झटकून कुठं स्वच्छ व्हायची? तसंच हे. चार दिवसांच्या उपासानं मागचे महिने पुसले जात नाहीत. शेवटच्या महिन्याचा वाटा त्यात जास्त असतो, एवढंच.

आणि गुळाचं. ‘साखर नको, गूळ चालतो’ हे आपल्याकडं घराघरात म्हणतात. गावाकडून ढेप आली की मीही चहात तोच घालायचो. गुळातही मुख्यत्वे तीच साखर. कोल्हापूरच्या माणसाला हे पचायला जड जातं, मलाही गेलं.

तुला पुरावा लागतो म्हणून सांगतो. 1998 साली ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासाचे निकाल आले, आपल्यासारख्या टाइप 2 मधुमेहवाल्यांचेच. दहा वर्षांत एका गटाचा एचबीए1सीचा आकडा 7 च्या आसपास राहिला, दुसऱ्याचा 7.9. फरक एवढाच, पण डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास पहिल्या गटात पाव हिश्श्यानं कमी.

तेव्हा गोळीला अजून हात लावू नकोस. आधी ही तपासणी कर. तिला उपाशी राहावं लागत नाही, कामावरून येताना रक्त देऊन ये. बहुतेकांना 7 च्या खाली ठेवायला सांगतात, तुझा आकडा किती असावा ते तुझे डॉक्टर ठरवतील. आटोक्यात येईपर्यंत दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी केली तरी चालते. वहिनींचीही करणार असशील तर त्यांचं हिमोग्लोबिन कमी असतं हे डॉक्टरांना आठवणीनं सांग. लोह कमी असलं की हा आकडा उगाच जास्त दिसू शकतो.

माझा आता 7.4 आहे. जखम भरली, अंगठ्यावर काळा डाग तेवढा राहिलाय. रंकाळ्याची फेरी आता रोजची झालीय, तपासणी असो नसो.

पुढच्या महिन्यात येशील तेव्हा रिपोर्टचा कागद घेऊन ये. फोनवर आकडा सांगू नकोस, मला डोळ्यांनी बघायचाय.

तुझा,
विलास