म्हैसमाळ मुक्काम : घोडेवाल्यांनी नीट वाचावे

सभासदहो, शनिवारी दुपारी 3 वाजता खुलताबादहून म्हैसमाळच्या डोंगरावर निघू. वर खोल्या मोजक्याच, त्या ज्येष्ठांना. बाकी सगळे तंबूत.

पाण्याचं आधी सांगतो. एक घोडा दिवसाला 30-40 लिटर पाणी सहज पितो, आणि वर टँकर मिळेल या भरवशावर मराठवाड्यात तरी कुणी राहू नये. ज्याचा घोडा त्याचे ड्रम, टेम्पोत भरून. कडबा, तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी), घोडा पुढून-मागून बांधायचे अगाडी-पिछाडीचे दोरही आपापले. मागच्या खेपेला एका घोडीची पिछाडी सुटली आणि पहाटे दोन तंबू आडवे झाले (एक माझा).

मुरमाखाली लगेच काळा खडक लागतो. तंबूच्या ॲल्युमिनियमच्या खुंट्या वाकतात, लोखंडी आणा.

नावं गुरुवारपर्यंत कळवा.