डोंगेवाल्या मामांना, नागपूरहून

मामा, सप्रेम नमस्कार.

हे पत्र सूनबाईंच्या फोनवर पाठवलंच आहे, त्या वाचून दाखवतील. पण चार लोकांनीही वाचावं असं वाटलं म्हणून सगळ्यांसमोर ठेवतेय. तुमचं नाव नि गाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही.

मामा, मी त्या खडकावर उतरले! वेंगुर्ल्याच्या समुद्रात काळ्या कातळाची छोटी बेटं आहेत, वेंगुर्ला रॉक्स म्हणतात त्यांना. तिथल्या गुहांमध्ये पाकोळ्या स्वतःच्या लाळेनं घरटी बांधतात. परदेशात त्या घरट्यांचं सूप करतात, पैसा भरपूर मिळतो, म्हणून चोरांनी ती खरवडून नेलीत. आणि तिथंच ब्रायडल्ड टर्न नावाचे पक्षी येतात, आपल्या धरणावरच्या सुरय पक्ष्यांचे समुद्रातले भाऊबंद. पाठ काळपट, डोळ्यावर पांढरी भुवई. बरंचसं आयुष्य खुल्या समुद्रावर काढतात, जमिनीवर येतात ते मुख्यतः अंडं घालायला. एकच अंडं, दगडाच्या आडोशाला. ते गेलं की त्या जोडीचा बहुतेक वेळा तो हंगामच गेला. पक्षीतज्ज्ञ हुमायून अब्दुलअलींनी 1942 साली या बेटांवरच्या सुरयांबद्दल नि पाकोळ्यांबद्दल लिहून ठेवलंय. ते वाचल्यापासून मला तिथं जायचं होतं.

पण झिरो माइलच्या गावची मुलगी समुद्रपक्ष्यांचं काम करणार म्हटल्यावर लोकांनी काय काय ऐकवलं! ज्यांच्याकडे मी रीतसर अर्ज घेऊन गेले, त्यांनी अर्ज उघडलासुद्धा नाही. "समुद्र पाहिलाय का कधी?" एवढंच विचारलं, आणि शेजारच्या खुर्चीकडे बघून हसले. दुसऱ्या एका साहेबांनी सल्ला दिला की ताडोबा जवळ आहे, वाघावर काहीतरी करा. मला पाण्याची भीती वाटते हे मी लपवलं नव्हतं. ती घालवायला कुणी मदत करेल का, एवढंच विचारत होते. शिकलेल्या, पगारी, पक्ष्यांवर भाषणं देणाऱ्या माणसांपैकी एकालाही तासभर वेळ नव्हता. त्याचा राग मला अजून आहे.

आणि तुम्ही. पहाटे जाळी काढायची, मासळी बाजारात पोचवायची, त्यातून वेळ काढून मला धरणावर डोंग्यात बसवलंत, खडकावर उतरायला शिकवलंत. पैशाचं नाव काढलं तर चिडलात.

डोंगा वर उचलला जातो तेव्हाच पाय टाकायचा, खाली जाताना कधीच नाही. हात डोंग्याच्या काठाला धरून ठेवायचा नाही, दगड आणि लाकडाच्या मध्ये बोटं चिरडतात. धरणात लाट कुठून येणार? म्हणून तुम्ही डोंग्यात उभं राहून पायांनी तो डोलवत होतात, आणि मी समोरच्या खडकावर उतरायला शिकत होते.

पण मामा, मला खरं सांगायचंय ते पहिल्या सकाळचं. मध्यावर गेल्यावर माझे हातपाय कापायला लागले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तोंडातून शब्द फुटेना. तुम्ही वल्हं आत घेतलंत. "बस वं माय, घाई कायची हाय," म्हणालात आणि माझ्याकडे पाठ करून बसलात. जाळ्याची एक फाटकी गाठ हातात घेतलीत नि सोडवत राहिलात. किती वेळ, कोण जाणे. एकदाही वळून पाहिलं नाहीत. माझी भीती बघायला कुणीच नव्हतं, म्हणून मला मनसोक्त घाबरून घेता आलं. हे तुम्हाला कुणी शिकवलं, मामा? समोरच्याची लाज राखायची ही जाण कुठल्या प्रशिक्षणात मिळत नाही. ज्यांच्यात ती असते त्यांच्या जिवावरच आपल्यासारख्यांची कामं पुढं सरकतात, आणि आभाराच्या यादीत त्यांचं नाव कधी नसतं.

आणखी एक. मे महिन्यात पाणी उतरून वाळूचं बेट उघडं पडलं होतं. मला त्यावरचे सुरय जवळून बघायचे होते, तुम्ही डोंगा लांबूनच वळवलात. "ते उठले का अंडे शिजतेत," म्हणालात. विदर्भाचं ते 45 अंशांचं ऊन! सुरय अंड्यांवर बसतात ते ऊब द्यायला कमी नि सावली करायला जास्त, पोटाची पिसं भिजवून येतात. माणूस जवळ गेला की सगळा थवा उठून ओरडत डोक्यावर फिरतो, आपल्याला वाटतं काय सुंदर दृश्य, आणि खाली अंडी भाजत असतात, कावळे टपलेले असतात. पाणी आणखी उतरलं की बेट काठाला जोडलं जातं, मग कुत्री येतात, गुरं येतात. तुम्ही पोराला बजावलं होतं, त्या बाजूला बैल सोडायचे नाहीत.

वेंगुर्ल्याला नेमकं हेच उपयोगी पडलं. उतरताना लाट मोठी होती, पण पाय बरोबर पडला. वर चढल्यावर एका कपारीजवळ ब्रायडल्ड टर्नची जोडी बसलेली दिसली. आमच्यातल्या एकाला फोटोसाठी पुढं जायचं होतं. मी त्याला थांबवलं, दगडामागे बसवलं. आम्ही दुर्बिणीतून बघितलं नि मागच्या मागे सरकलो. पक्षी उठला नाही. त्याचा डोळा मात्र आमच्यावर होता, पांढऱ्या भुवईखाली काळाभोर, चकचकीत.

परत आल्यावर नागपुरात माझं कौतुक झालं. नाही म्हणणाऱ्यांपैकी दोघांनी अभिनंदनही केलं. मी सगळ्यांना तुमचंच सांगितलं.

दिवाळीनंतर येतेय. सोबत कॉलेजच्या दोन मुली आहेत, दोघींनाही पोहता येत नाही. तुम्हाला जमेल का, ते सूनबाईंना कळवायला सांगा. मामींना नमस्कार.

तुमची,
नागपूरची भाची