पुणे झालं, हैदराबाद झालं, मधलं सोलापूर कुठं गेलं?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडं वाचकांची दोन पत्रं छापून आली होती. एका ताईंनी विचारलेलं की मोठे गायक पुण्याला येतात, हैदराबादला जातात, मग सोलापूरलाच काय पाप लागलंय. आणि एका काकांनी लिहिलेलं की परदेशी गायकांच्या नादाला लागून पोरं आईबापाचे पैसे उधळायलेत. दोन्ही वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी सोलापुरात साउंड भाड्यानं देतो, लग्न, गॅदरिंग, ऑर्केस्ट्रा, जयंती, येईल ती ऑर्डर घेतो, त्यामुळं स्टेजच्या मागची बाजू रोज बघण्यात आहे.

ताईंचा प्रश्न खोटा नाही. इंग्लंडचा पॉप गायक एड शीरन ३० जानेवारी २०२५ ला पुण्यात यश लॉन्सवर वाजवून गेला आणि २ फेब्रुवारीला हैदराबादला. आता पुणे-हैदराबाद म्हणजे आपलाच एनएच ६५, सामान ट्रकनं गेलं असेल तर बाळ्यावरून बोरामणीकडं आपल्या नाकासमोरून गेलं असणार. पुढं बंगळुरूच्या शोमध्ये तर त्यानं शिल्पा राव सोबत चक्क तेलुगू गाणं म्हटलं, दुसऱ्या दिवशी आमच्या तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातल्या निम्म्या पोरांच्या स्टेटसला तेच. म्हणजे ऐकणारे इथं आहेत. विमानतळाचं कारण सांगायचं म्हटलं तर तेही आता राहिलं नाही, जून २०२५ पासून गोव्याचं विमान सुरू झालं आणि ऑक्टोबरपासून मुंबईचं.

पण ह्या टूर कशा चालतात ते बघा. पूर्वी अल्बम विकला जावा म्हणून गायक गावोगाव फिरायचा. आता गाणी मोबाईलवर फुकटात नाहीतर महिन्याच्या किरकोळ पैशात ऐकायला मिळतात, त्यामुळं बरीचशी कमाई टूरवर आली आणि अल्बम हे टूर काढायचं निमित्त झालं असं म्हटलं तरी चालेल. शीरनचा २०१७ ते २०१९ चा जो दौरा झाला त्यात अडीचशेच्या वर शो आणि जवळपास ८९ लाख तिकिटं गेली. आता सप्टेंबर २०२५ मध्ये त्याचा 'प्ले' नावाचा अल्बम आला, त्यात अरिजित सिंगसोबत एक गाणं आहे, अल्बमचं शेवटचं काम त्यानं गोव्यात बसून संपवलं, आणि जानेवारी २०२६ मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमधून नवी टूर सुरू केली, नाव काय तर लूप टूर. ज्या गावात तिकीट खपतं तिथं टूर थांबते, हिशेब एवढाच आहे आणि त्यात आपण नापास आहोत.

कारण आपल्याला पास लागतो. तिकीट काढून गाणं ऐकणं हे आपल्याकडं कमीपणाचं समजतात की काय कोण जाणे. हुतात्मा स्मृती मंदिरात असो, फडकुले सभागृहात असो नाहीतर होम मैदानावर, कार्यक्रम कुठलाही असू द्या, मी दुपारी वायर टाकत असतो आणि फोन सुरू होतात, 'दोन पास बग की बे'. अरे मी साउंडवाला आहे! ऑर्गनायझरचं तर विचारूच नका, परवानगीच्या प्रत्येक टेबलावर वीस-पंचवीस पास ठेवल्याशिवाय कागद सरकत नाही, मग पुढच्या चार रांगा सोफे, सोफ्यावर बसणारे साडेनऊला येणार, फोटो काढून घेणार, दहाला जाणार, आणि ज्यानं खिशातून तीनशे रुपये काढले तो बिचारा खांबाच्या मागं. असं दोनदा झालं की तो तिसऱ्यांदा तिकीट काढतो का सांगा. आणि तो ऑर्गनायझर पुन्हा प्रोग्रॅम लावत नाही, त्यापेक्षा वाढदिवसाचा इव्हेंट परवडतो, तिथं पैसे ॲडव्हान्स मिळतात.

आता काकांच्या पत्राकडं येतो. काका, कोल्डप्ले ह्या ब्रिटिश बँडच्या जानेवारी २०२५ च्या नवी मुंबईच्या शोची तिकिटं अडीच हजारापासून पस्तीस हजारापर्यंत होती, एवढे पैसे जास्तच आहेत, मान्य. अहमदाबादच्या शोला मुंबईहून स्पेशल ट्रेन सोडल्या, आणि आपली पोरं पुण्याला गेली तर परतीला हुतात्मा एक्सप्रेस संध्याकाळी सहालाच सुटलेली असते, शो संपतो दहाला, मग रात्री स्वारगेटला एसटी शोधत फिरायचं. तरी पोरं जातात. का जातात ते एकदा समजून तरी घ्या, नुसता धिंगाणा घालायला कोणी एवढा त्रास काढत नाही.

शीरन बऱ्याच गाण्यांना स्टेजवर एकटा असतो. गळ्यात गिटार आणि पायाखाली लूप पेडल, बास. आधी गिटारच्या लाकडावर थाप मारतो, पायानं पेडल दाबतो, ती थाप मशीन पकडतं आणि फिरवत राहतं. त्यावर कॉर्ड, म्हणजे दोन-तीन सूर एकदम छेडून वाजवतो, परत पेडल. मग नुसतं गुणगुणतो, परत पेडल, त्यावर दुसरा सूर. दोन मिनिटात एकट्या माणसाची अख्खी ऑर्केस्ट्रा होते आणि हे सगळं लोकांच्या समोर, आधी रेकॉर्ड करून आणलेलं काही नाही. पाय जरा उशिरा पडला तर चुकलेली थाप पूर्ण गाणंभर परत परत ऐकावी लागते, मागावर एक धागा चुकला की टॉवेलभर दिसतो तसं.

आमच्या दत्त नगरातला एक पोरगा हे शिकलाय. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर कामाला आहेत. सेकंड हँड पेडल घेतलंय, त्याच्यावर आपली तेलुगू-मराठी मिक्स गाणी बसवतो. एका गॅदरिंगला मीच साउंड दिला होता, पहिल्या थापेला जॅकमधून 'हम', म्हणजे खराब केबलची घरघर आली, तोच आवाज लूपमध्ये अडकला आणि घुंईंईं फिरायला लागला, पोरं हसायला लागली. त्यानं शांतपणे सगळं पुसलं, माझ्याकडं बघून बोटानं केबल दाखवली, मी बदलली, आणि त्यानं परत पहिल्यापासून बांधलं. तिसऱ्या लेयरला हॉल गप्प होता. ह्या पोराला आजपर्यंत तिकीट लावून कोणी स्टेज दिलेलं नाही. पैसे मिळतात ते लग्नात पाहुणे जेवताना वाजवायचे, आणि तिथं पण कोणीतरी येऊन सांगतं, जरा आवाज कमी कर, बोलता येईना.

आवाजाचंही सांगून टाकतो, मग माझ्या धंद्यातले लोक शिव्या घालू देत. जयंतीला आम्हाला सांगतात टॉप वाढव, बेस वाढव, छातीत धडधडलं पाहिजे, खिडक्या हलल्या पाहिजेत. त्यात गाणं कुठलं चाललंय ते स्पीकरवाल्यालासुद्धा कळत नाही. चांगल्या कॉन्सर्टला आवाज मोठाच असतो पण गायकाचा श्वास वेगळा, गिटारची तार वेगळी ऐकू येते, त्यासाठी दुपारभर साउंड चेक करतात. आपल्याकडं साउंड चेक म्हणजे 'हॅलो माईक टेस्टिंग वन टू' आणि लगेच सत्कार. रात्री दहानंतर बंद करायचा नियम सगळ्यांना सारखाच आहे, शीरनलाही, पण सत्कारातच नऊ वाजले तर गायचं कधी?

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, ५०० रुपयांपर्यंतच्या संगीत कार्यक्रमाच्या तिकिटावर जीएसटी नाही, त्याच्या वर गेलं की १८ टक्के. म्हणजे तीनशेचं तिकीट लावून, सोफे न ठेवता, रंगभवनसारख्या ठिकाणी चार लोकल बँड वाजवले तर कर भरायचा त्रास नाही. असे कार्यक्रम भरायला लागले तर पुण्याहून हैदराबादला जाणारा एखादा मराठी-हिंदी पॉप-रॉकवाला तरी मधे एक रात्र थांबेल. शीरन राहू द्या बाजूला.

आणि आता तुमच्याबद्दल, राग मानू नका. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या पेपरात बातमी येते, त्यात दीपप्रज्वलन कोणी केलं, मंचावर कोण उपस्थित होतं, आभार कोणी मानले सगळं असतं, पण ड्रम कोण वाजवत होतं हे कधी नसतं. गाणी कुठली झाली, कसली झाली ह्यावर एक ओळ नाही. आणि कार्यक्रमाच्या आधी 'मोफत पासेस अमुक ठिकाणी उपलब्ध' ही चौकट तुम्हीच छापता. ती बंद करा. त्या जागी तिकीट किती रुपये, मिळतं कुठं आणि सुरू किती वाजता, एवढं छापा. आणि तो दत्त नगरचा पोरगा पुढच्या वेळी कुठं वाजवणार असेल तेव्हा मी तुमच्या ऑफिसला कळवतो, वार्ताहर पाठवा. त्याचं तिकीट तुमच्या ऑफिसनं काढायचं.

आपला,
एक साउंडवाला
पूर्व भाग, सोलापूर