जुन्या मोटारसायकलच्या कर्जाचा खरा वार्षिक दर सहीपूर्वी न सांगितल्याबद्दल तक्रार

दिनांक : १० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
दुचाकी कर्ज विभाग, सोलापूर शाखा.

विषय : जुन्या दुचाकीच्या कर्जाचे की फॅक्ट स्टेटमेंट (कर्जाचा दर व सर्व शुल्के एकत्र दाखवणारा कागद) न देणे, लॉगिन चार्ज (अर्ज दाखल करण्याचे शुल्क) परत न करणे आणि मी कर्ज नाकारल्यानंतर पुन्हा माझा सिबिल (क्रेडिट) अहवाल तपासणे.

महोदय,

मी मोहोळ येथे राहतो आणि चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पाळीने काम करतो. रात्रपाळी सुटल्यावर घरी पोहोचण्याची खात्रीची सोय नसल्यामुळे मी २०१८ सालची, १०० सीसीची एक जुनी मोटारसायकल पसंत केली होती. तिची किंमत ७२,००० रुपये ठरली. विक्रेत्याच्या दुकानात बसणाऱ्या आपल्या प्रतिनिधीने १२,००० रुपये डाउन पेमेंट आणि उरलेल्या ६०,००० रुपयांचे दोन वर्षांचे कर्ज, असा प्रस्ताव दिला. माझा सिबिल स्कोअर ६१८ आहे. कारखान्यात पगार रखडले असताना मोबाईलच्या कर्जाचे हप्ते थकले, पुढे त्याची सेटलमेंट (पूर्ण रकमेऐवजी तडजोडीने परतफेड) झाली आणि तो शेरा अहवालात राहिला, हे मी पहिल्याच भेटीत सांगितले होते. त्यामुळे मला दर जास्त लागेल याबद्दल माझी तक्रार नाही. जास्त म्हणजे नेमका किती, हे आपल्या शाखेने मला शेवटपर्यंत कळू दिले नाही, ही माझी तक्रार आहे.

प्रतिनिधीने दर ‘अठरा टक्के’ एवढाच सांगितला. महिन्याचा हप्ता ३,४०० रुपये ऐकल्यावर मी घरी आकडेमोड केली, तेव्हा हा दर फ्लॅट असल्याचे लक्षात आले. म्हणजे मुद्दल दर महिन्याला फिटत असतानाही व्याज मात्र अखेरपर्यंत पूर्ण ६०,००० रुपयांवर धरलेले होते. चोवीस हप्त्यांचे ८१,६०० रुपये होतात आणि घटत्या शिलकीवर हाच दर वर्षाला सुमारे साडेएकतीस टक्के पडतो. त्याशिवाय प्रोसेसिंग आणि कागदपत्रांचे ३,६०० रुपये, कर्जविम्याचे २,९०० रुपये आणि एक आगाऊ हप्ता कर्जाच्या रकमेतूनच कापला जाणार होता. विक्रेत्याच्या हाती ५०,१०० रुपयेच पडणार असल्याने उरलेले ९,९०० रुपये मलाच उभे करावे लागणार होते. हे सर्व धरले की वार्षिक दर एकोणपन्नास टक्क्यांच्या घरात जातो आणि ७२,००० रुपयांच्या गाडीसाठी माझ्या खिशातून एक लाखाहून अधिक रक्कम जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आल्यानंतर याच वर्गातील नव्या गाडीची शोरूम किंमत पाऊण लाखाच्या आसपास आहे, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते.

आगाऊ हप्ता घेऊन व्याज मात्र पूर्ण कर्जावर लावणे ही पद्धत रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात अनुचित ठरवलेली आहे. तसेच १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ मुदत कर्जासाठी सर्व शुल्कांसह वार्षिक दर दाखवणारे की फॅक्ट स्टेटमेंट कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत देणे बंधनकारक आहे, आणि ते वाचून निर्णय घेण्यास किमान तीन कामकाजाचे दिवस मिळाले पाहिजेत. मी हा कागद मागितला तेव्हा ‘तो सिस्टीममधून सहीनंतर निघतो’ असे उत्तर मिळाले आणि ऑफर आजच्यापुरतीच आहे असे सांगून मोबाईलवर आलेला ओटीपी मागण्यात आला. सहीनंतर मिळणाऱ्या कागदावरून सही करावी की नाही हे कसे ठरवायचे, याचा खुलासा आपणच करावा. वेगवेगळ्या जोखमीच्या ग्राहकांना वेगळा दर लावण्यामागचे धोरण अर्जातच नमूद करावे, असेही वित्त कंपन्यांवर बंधन आहे. माझ्या अर्जाच्या प्रतीवर दराचा रकाना कोरा आहे.

गाडी वाईट नव्हती. माझ्या ओळखीच्या मेकॅनिकने ती चालवून पाहिली. चेन-स्प्रॉकेट आणि मागचा टायर बदलावा लागेल, परंतु इंजिन धूर टाकत नाही, असे त्याचे मत पडले. अडचण कागदांची होती. परिवहनच्या संकेतस्थळावर त्या गाडीवर आधीच्या वित्त कंपनीचा बोजा अद्याप दिसत होता, आणि फॉर्म ३५ (कर्जाचा बोजा उतरवण्याचा अर्ज) व त्या कंपनीच्या ना हरकत दाखल्याशिवाय ती माझ्या नावावर होणे शक्य नव्हते. आपल्या मूल्यांकन अहवालात याची नोंद आहे की नाही, हे मला सांगता येत नाही, कारण लॉगिन आणि मूल्यांकनापोटी जीएसटीसह १,१८० रुपये घेऊनही त्या अहवालाची प्रत ‘ती अंतर्गत बाब आहे’ म्हणून मला नाकारण्यात आली. ज्या गाडीचे हप्ते मी फेडणार, तिच्या तपासणीचा माझ्याच पैशाने केलेला अहवाल माझ्यापासूनच गुप्त ठेवण्याचे कारण मला उमगलेले नाही.

या परिस्थितीत हे कर्ज परवडणारे नाही असे ठरवून मी शाखेला लेखी नकार कळवला आणि त्याची पोच घेतली. असे असताना नंतर आपल्या कंपनीने माझा क्रेडिट अहवाल पुन्हा पाहिल्याचा संदेश माझ्या मोबाईलवर आला. आधीच कमी स्कोअर असलेल्या माणसाच्या अहवालात अशी प्रत्येक चौकशी नोंदली जाते आणि पुढचा कर्जदाता ती पाहतो. मी आता कामगारांच्या पतसंस्थेकडे अर्ज करणार असल्यामुळे मला त्याचा थेट फटका बसू शकतो.

म्हणून मूल्यांकन अहवालाची प्रत आणि १,१८० रुपयांच्या शुल्काची पावती मला द्यावी. ती परत मिळणार नाही अशी कोणतीही अट अर्जाच्या वेळी लेखी दिलेली नसल्याने ती रक्कमही परत करावी. नकारानंतरची चौकशी कोणाच्या संमतीने झाली ते लेखी कळवून ती नोंद काढण्यासाठी क्रेडिट संस्थेकडे दुरुस्ती पाठवावी; अशी दुरुस्ती ३० दिवसांत न झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे, याची आपल्याला कल्पना असेलच. मला सांगितलेल्या प्रस्तावाचे की फॅक्ट स्टेटमेंटही मराठीत पाठवावे. कर्ज मी घेणार नाही, परंतु माझा आकडा आणि आपला आकडा जुळतो का, ते मला पाहायचे आहे.

या पत्राचे समाधानकारक उत्तर ३० दिवसांत न मिळाल्यास मी रिझर्व्ह बँकेच्या एकात्मिक लोकपाल योजनेखाली तक्रार दाखल करीन. अर्जाची प्रत, यूपीआय व्यवहाराचा तपशील, नकारपत्राची पोच आणि मोबाईलवरील संदेशाचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

कळावे.

आपला,
अर्जदार
(नाव, पत्ता व अर्ज क्रमांक सोबतच्या प्रतीवर)